गाठ मोजली, पण तपासली कुणी? इम्युनोथेरपीतल्या ‘खोट्या वाढी’च्या आकड्यांबद्दल

इम्युनोथेरपीवरचा कुठलाही रिव्ह्यू पेपर उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक वाक्य भेटतंच. काही रुग्णांच्या स्कॅनवर गाठी वाढलेल्या दिसतात, पण ती खरी वाढ नसते, तिला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, आणि मेलानोमात तिचं प्रमाण पाचेक टक्के आहे. पुढे एक संदर्भ क्रमांक. तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल तर हे वाक्य तुमच्याही वहीत उतरलं असेल. आज त्या संदर्भ क्रमांकाच्या मागे जाऊ या. त्या पाच टक्क्यांबद्दल माझी तक्रार आहेच. पण त्याहून मोठी तक्रार त्या वाक्यात न बसणाऱ्या रुग्णांबद्दल आहे, ज्यांची ‘वाढ’ कॅन्सरची नव्हतीच, औषधाचा दुष्परिणाम होती.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. चेकपॉइंट इनहिबिटर ही औषधं कॅन्सरच्या पेशी थेट मारत नाहीत. आपल्याच टी-पेशींवर जो ब्रेक असतो, तो ती सोडवतात. इपिलिमुमॅब हे यातलं पहिलं, २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी मान्य झालेलं. त्यानंतर पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब वगैरे आली. आता ब्रेक सुटलेल्या पेशी शहाण्यासारख्या फक्त गाठीवरच जातील असं कुणी लिहून दिलेलं नाही. त्या थायरॉइडवर जातात, आतड्यावर, फुप्फुसावर, त्वचेवर जातात. जिथे जातात तिथे सूज येते. आणि सीटी स्कॅनला सूज आणि कॅन्सर यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त ‘इथे काहीतरी जास्तीचं आहे’ एवढंच कळतं. पेट स्कॅनने प्रश्न सुटेल असं वाटतं, पण त्यात चमकतात त्या साखर भराभर खाणाऱ्या पेशी, आणि कामाला लागलेल्या रोगप्रतिकारक पेशीही साखर भरपूर खातात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पहिली: गाठ खरंच कॅन्सरची आहे, पण आत टी-पेशी शिरल्यामुळे ती तात्पुरती फुगली आहे. हे स्यूडोप्रोग्रेशन. दुसरी: जी नवीन गाठ दिसते आहे ती कॅन्सरची नाहीच, तो निरोगी अवयवावर झालेला औषधाचा परिणाम आहे. पहिल्यात औषध गाठीत काम करतंय. दुसऱ्यात औषध भलतीकडेच काम करतंय, गाठीचं काय चाललंय ते वेगळं बघावं लागेल. रेडिऑलॉजीच्या रिपोर्टवर मात्र दोन्हींच्या खाली शब्द एकच येऊ शकतो: प्रोग्रेशन.

आता तो पेपर. स्टीफन होडी आणि सहकाऱ्यांचा, २०१६ चा, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मधला. कीनोट-००१ या ट्रायलमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेले मेलानोमाचे ६५५ रुग्ण. पेपर चांगला आहे, हे आधीच सांगतो. टीका करायची म्हणजे पेपर टाकाऊ असायला हवा असा एक समज आपल्याकडे जर्नल क्लबात असतो, तो सोडा. टाकाऊ पेपरवर टीका करून काहीच शिकायला मिळत नाही.

तर ६५५ पैकी ज्यांचे किमान २८ आठवड्यांचे स्कॅन उपलब्ध होते असे ३२७ जण लेखकांनी घेतले. बाराव्या आठवड्याला गाठींचा एकूण भार २५ टक्के किंवा जास्त वाढला, पण पुढच्या स्कॅनला ती वाढ पक्की झाली नाही, असे १५ जण निघाले. हे लवकरचं स्यूडोप्रोग्रेशन. बाराव्या आठवड्यानंतर असं झालं ते आणखी ९. १५ भागिले ३२७ म्हणजे साधारण ५ टक्के. झाला आपला प्रसिद्ध आकडा.

छेद बघा. २८ आठवड्यांचे स्कॅन कुणाचे असतील? जे तेवढा काळ जगले, ज्यांचं औषध आधीच बंद केलं गेलं नाही, जे फॉलो-अपला येत राहिले त्यांचे. पंधराचा आकडा ६५५ वर ठेवला तर तो २ टक्क्यांच्या थोडा वर येतो. पण तोही बरोबर नाही, कारण उरलेल्यांपैकी ज्याचं बाराव्या आठवड्यालाच ‘वाढ’ म्हणून औषध थांबवलं, त्याची वाढ खोटी होती की खरी हे कळायची संधीच राहिली नाही. तो ना अंशात, ना छेदात. म्हणजे ५ टक्के हा आकडा चुकीचा नाही, पण तो एका विशिष्ट गटाचा आहे, आणि रिव्ह्यू पेपरात येताना तो गट वाटेतच कुठेतरी गळून पडतो.

याच पेपरात दुसरा आकडा आहे, जो मला जास्त मोलाचा वाटतो. बारा आठवडे तरी जगलेल्या ५९२ जणांना लेखकांनी दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या लावल्या. एक रेसिस्ट १.१ (उच्चार तसाच आहे, अर्थ वेगळा), म्हणजे सर्वत्र चालणारा २००९ चा नियम: गाठींच्या व्यासांची बेरीज सर्वांत कमी मापापेक्षा २० टक्के, आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवीन गाठ दिसली, की प्रोग्रेशन. दुसरी पट्टी इम्युनोथेरपीसाठी खास केलेली, तीही २००९ चीच, जेड वोल्चॉक यांच्या गटाची. तिच्यात नवीन गाठ दिसली म्हणून लगेच हात टेकत नाहीत, तिचं माप एकूण भारात मिळवतात आणि वाढ पक्की व्हायची वाट बघतात. दोन्ही पट्ट्यांनी वाढ नाही असे ३३१. दोन्हींनी वाढ आहे असे १७७. आणि रेसिस्ट म्हणतं वाढ आहे, दुसरी म्हणते नाही, असे ८४. दोन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण अनुक्रमे ७७.६, १७.३ आणि मधल्या ८४ जणांचं ३७.५ टक्के.

हे ८४ जण म्हणजे ५९२ पैकी १४ टक्के. ‘रेसिस्टमुळे १४ टक्के रुग्णांमध्ये फायदा कमी लेखला जातो’ असं पुढे फिरत राहतं. ठीक आहे. पण डॉक्टरच्या खुर्चीत बसून बघा. तिच्यासमोर ५९२ जण नसतात. तिच्यासमोर रेसिस्टने ‘वाढ’ म्हटलेला एक रुग्ण असतो, म्हणजे ८४ अधिक १७७, अशा २६१ पैकी एक. २६१ पैकी ८४ म्हणजे ३२ टक्के. पाच, चौदा, बत्तीस: पेपर एकच, आकडे तीन, तिन्ही खरे. प्रश्न कुणाचा आहे यावर छेद ठरतो. वोल्चॉक यांच्या २००९ च्या पेपरातही हेच: जुन्या मापाने वाढ ठरलेल्या २२ जणांना नव्या मापाने फायदा दिसला, तो आकडा २२७ वर भागून ९.७ टक्के असा येतो. पण ते २२७ सगळे उपचार घेतलेले रुग्ण आहेत, वाढ दिसलेले नव्हेत.

आणखी एक. मधल्या ८४ मध्ये दोन वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक लोक दगावले. म्हणजे यांच्यात ‘वाढ खोटी होती’ असं सरसकट म्हणता येत नाही. काहींची खोटी असेल, काहींची खरी पण संथ असेल, काहींमध्ये एक गाठ विरघळली आणि दुसरी वाढली असेल. शिवाय ‘वाढ पक्की झाली नाही’ हे ठरण्यासाठी पुढच्या स्कॅनपर्यंत पोचावं लागतं. प्रकृती स्थिर असेल त्यालाच औषध पुढे चालू राहतं. मग ३७.५ विरुद्ध १७.३ या फरकात पट्टीचं श्रेय किती आणि मुळातच धडधाकट असण्याचं किती? बारा आठवड्यांची अट घालून लेखकांनी अगदी सुरुवातीचे मृत्यू बाजूला काढले, हे त्यांचं चांगलं काम. पण नंतर घडलेल्या गोष्टींवरून पाडलेले गट म्हणजे चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट नव्हेत.

हे झालं आकड्यांचं. आता माझा मुख्य आक्षेप. या सगळ्या मोजणीत मोजलं काय? मिलिमीटर. स्यूडोप्रोग्रेशनची इथली व्याख्या पूर्णपणे मापावर उभी आहे: एवढी वाढली, मग पक्की झाली नाही. ती गाठ आतून काय होती, हा प्रश्न व्याख्येत कुठेच नाही. त्यामुळे मी वर वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी इथे पुन्हा एकाच डब्यात जातात.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक, पण दवाखान्यात घडतं तसंच. समजा पायावर मेलानोमा झालेला रुग्ण आहे, यकृतात दोन गाठी आहेत. पेम्ब्रोलिझुमॅब सुरू केल्यावर बाराव्या आठवड्याला यकृतातल्या गाठी लहान झाल्या आहेत. पण छातीत, दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी, लसिका ग्रंथी सुजल्या आहेत, आधी नव्हत्या. रुग्णाला काही त्रास नाही. पेट स्कॅनवर त्या ग्रंथी लख्ख चमकतात. नवीन गाठ, म्हणजे रेसिस्टच्या हिशेबी प्रोग्रेशन. पण दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या सुजलेल्या ग्रंथी ही सार्कॉइडोसिस या आजाराची ओळखीची खूण आहे, आणि चेकपॉइंट औषधांमुळे हुबेहूब तसं चित्र तयार होतं हे आता चांगलंच माहीत आहे. सुई घालून तुकडा काढला तर तिथे मेलानोमा नसतो, ग्रॅन्युलोमा असतो, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा घट्ट गोळा. याला सार्कॉइडसारखी प्रतिक्रिया म्हणतात. बहुतेक वेळा लक्ष ठेवणं पुरतं. औषध कायमचं बंद करायची गरज पडतेच असं नाही.

आता हा रुग्ण आय-रेसिस्टमधून पाठवून बघा. आय-रेसिस्ट म्हणजे २०१७ ची, लेस्ली सेमोर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त मांडलेली, ट्रायलमध्ये डेटा एकसारखा गोळा व्हावा म्हणून सहमतीने ठरवलेली नियमावली. तिच्यात पहिल्यांदा दिसलेली वाढ ‘अजून पक्की नाही’ या खात्यात जाते आणि ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन होतो. कल्पना साधी आहे: खोटी वाढ असेल तर वेळ गेल्यावर उतरेल. टी-पेशींनी फुगलेल्या गाठीला हे लागू पडतं. पण ग्रॅन्युलोमाला घाई कसली? तो महिनोन्‌महिने बसून राहू शकतो.

तीन शक्यता आहेत. ग्रंथी तशाच राहिल्या तर रुग्ण ‘अजून पक्की नाही’ मध्येच लटकत राहतो. ग्रंथी आणखी थोड्या सुजल्या, नवीन गाठींची बेरीज ५ मिलिमीटरने वाढली, किंवा फुप्फुसात बारीक नवे ठिपके दिसले, तर वाढ ‘पक्की’ होते, आणि यकृतातला कॅन्सर विरघळत असताना हा माणूस अपयशाच्या रकान्यात जाऊन पडतो. आणि ग्रंथी उतरल्या तर? तर त्याची नोंद वाट बघितल्याने खोटी ठरलेली वाढ म्हणून होते. म्हणजे ज्या ग्रंथीत कॅन्सर कधी नव्हताच, ती स्यूडोप्रोग्रेशनचं उदाहरण बनते. तिन्ही वाटांवर उत्तर चुकीचंच, आणि तिन्ही वाटांवर नियम तंतोतंत पाळलेला.

कुणी म्हणेल, रेसिस्टमध्ये पळवाट आहे की. आहे. नवीन गाठ निःसंशय हवी, ट्यूमरखेरीज दुसऱ्या कशाने ती दिसत असेल तर ती धरायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ते तपासणाऱ्याला ‘दुसरं काहीतरी’ सुचलं तर! ट्रायलमधला केंद्रीय रेडिऑलॉजिस्ट चित्रं बघतो. त्याच्यासमोर अनेकदा बायोप्सी नसते, रुग्णाची बाकी तब्येत नसते. जी गोष्ट नियमाच्या शेपटाला लटकलेल्या एका कलमावर सोडली आहे, ती प्रत्येक ट्रायलमध्ये एकाच पद्धतीने हाताळली जाईल ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

पिट्युटरीचं उदाहरण याहून बोचरं आहे. मेंदूच्या तळाशी असलेली ही हरभऱ्याएवढी ग्रंथी, विशेषतः इपिलिमुमॅबवर, सुजते. रुग्णाचं डोकं दुखतं, प्रचंड थकवा येतो. एमआरआयवर ग्रंथी फुगलेली. मेलानोमाचा रुग्ण, डोकेदुखी, डोक्यात काहीतरी वाढलेलं: मन कुठे धावेल सांगायला नको. पण इथे तुकडा काढायचीही गरज नसते, रक्तातलं कॉर्टिसोल आणि बाकीचे हार्मोन बघितले की दिशा कळते. सूज काही आठवड्यांत उतरते, कॉर्टिसोलची कमतरता मात्र बहुधा कायमची राहते आणि गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. मोजपट्टीच्या भाषेत ही गोष्ट ‘वाढ होती, मग गेली’ अशी संपते. रुग्णाच्या भाषेत ती संपलेली नसते. आणि ती वेळेवर ओळखली नाही तर कॉर्टिसोलअभावी माणूस जिवानिशी जाऊ शकतो, कॅन्सर अगदी आटोक्यात असताना.

मग या दुष्परिणामांचं प्रमाण किती, हे कुठे शोधायचं? दोन ठिकाणी, आणि दोन्ही अडचणीची. एक, ट्रायलच्या सुरक्षिततेच्या तक्त्यात, जिथे दुष्परिणाम लक्षणांवरून नोंदले जातात. आपल्या उदाहरणातल्या रुग्णाला लक्षणच नाही, मग तो तिथे दिसेलच असं नाही. कार्यक्षमतेच्या तक्त्यात तो ‘प्रोग्रेशन’ आहे. एकाच ट्रायलचे दोन तक्ते एकमेकांशी बोलत नाहीत. दोन, केस रिपोर्ट. ते भरपूर आहेत, वाचायला रंजकही असतात. पण केस रिपोर्ट कोणाचा होतो? ज्याची बायोप्सी झाली त्याचा. बायोप्सी कोणाची होते? ज्याच्या डॉक्टरला शंका आली त्याची. शंका न येता ज्यांचं औषध बंद झालं, त्यांच्यावर कुणी रिपोर्ट लिहीत नाही. याला पडताळणीचा पूर्वग्रह म्हणतात. संशोधन पद्धतीच्या पेपरात यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि आपण पाठ करून विसरतो.

उलट बाजूही बघा, नाहीतर तुम्ही उत्साहाने प्रत्येक वाढीला खोटी म्हणायला लागाल. नवीन गाठ दिसलेल्या बहुतेकांमध्ये ती कॅन्सरचीच असते. वरचे १७७ विसरू नका. वाट बघण्याची किंमत त्यांनी मोजलेली असते, कारण त्या काळात दुसरा उपचार सुरू होऊ शकला असता. आणि ग्रॅन्युलोमा सापडला म्हणजे कॅन्सर नाही असंही नाही. कॅन्सरच्या शेजारच्या ग्रंथींमध्ये ग्रॅन्युलोमा होतात हे ही औषधं येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. एका ग्रंथीत ग्रॅन्युलोमा आणि शेजारच्या ग्रंथीत कॅन्सर, असंही असू शकतं. सुई कुठे गेली यावर उत्तर बदलतं.

आपल्याकडे यात एक भिडू वाढतो: क्षय. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण पाव भारतात आहेत. छातीत सुजलेल्या ग्रंथी आणि त्यात ग्रॅन्युलोमा म्हटल्यावर इथला पॅथॉलॉजिस्ट पहिल्यांदा टीबीचंच नाव घेणार, आणि बरोबरच आहे त्याचं. चेकपॉइंट औषधांवर असताना क्षय डोकं वर काढतो अशा नोंदीही आहेत. सार्कॉइडसारखी प्रतिक्रिया समजून, क्षय न तपासता स्टेरॉइड दिलं तर आगीत तेल. म्हणजे पाश्चात्त्य पेपरात प्रश्न दोन पर्यायांचा असतो, इथे तो तिहेरी होतो, आणि नमुना कल्चरला आणि जीनएक्सपर्टला पाठवला होता का, ही ओळ केस रिपोर्टमध्ये शोधावी लागते.

‘पण इथे ही महागडी औषधं घेतो कोण?’ हा प्रश्न आता जुना होत चालला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या गटाने डोकं-मान भागाच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबचा अगदी कमी डोस, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, केमोथेरपीसोबत देऊन बघितला. १५१ रुग्णांची रँडमाइज्ड ट्रायल. एका वर्षाने जिवंत असण्याचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. डोस स्वस्त झाला की रुग्ण वाढतील, आणि रुग्ण वाढले की छातीतल्या या ग्रंथीही जास्त दिसतील.

विषय शोधत असाल तर इथे एक पडलेला आहे, उचला. एखाद्या मोठ्या रुग्णालयात चेकपॉइंट औषध घेतलेल्या सगळ्या रुग्णांची यादी काढा, ज्यांची बायोप्सी झाली फक्त त्यांची नव्हे. त्यातून छातीत नवीन ग्रंथी दिसलेले वेगळे करा. मग एक तक्ता: ग्रंथी एका बाजूला की दोन्ही बाजूंना, बाकीच्या गाठींचं त्याच वेळी काय चाललं होतं, तुकडा काढला का, काढला नसेल तर का नाही, क्षयाची तपासणी झाली का, औषध थांबवलं का, आणि सहा महिन्यांनी काय. ‘तुकडा काढला नाही’ हा रकाना तुमच्या गाइडला निरुपयोगी वाटेल, रिकामा दिसतो म्हणून. तो काढू देऊ नका. आणि एथिक्स कमिटीचा अर्ज लवकर टाका, जुन्या फायलींच्या अभ्यासालाही परवानगी लागतेच.